दिवाळीनंतरचे आवाज

"काका, स्क्रूड्रायव्हर परत कानाला लावा ना. आणि जरा हसा," संचिता म्हणाली.

दगडूने स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू पंपाच्या बेअरिंगवर टेकवलं, मूठ उजव्या कानाला लावली आणि हसला. मानपाड्याच्या कारखान्यांतले पंप त्याने पस्तीस वर्षं असेच ऐकून दुरुस्त केले होते. आज त्या कानाला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं, पण फोटोत ते थोडंच दिसणार होतं!

संचिता ठाण्याच्या एका मासिकाची वार्ताहर. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संशोधनाला निधी कसा मिळतो, यावर तिचा लेख होता. शेजारी उभा असलेला प्रीतम आवाजावरून पंपाचा बिघाड ओळखणारं मशीन बनवत होता. वर्षभर त्याने दगडूला हेडफोन लावून हजारो आवाज ऐकवले. दगडूने सांगायचं, "बेअरिंग गेलं", "हवा ओढतोय", आणि मशीनने ते शिकायचं.

"लेख छापून आला की निधीवाल्यांना दाखवतो," प्रीतम म्हणाला. "पुढची तीन वर्षं तुमच्या कानाच्या भरवशावर आहेत, काका."

दिवाळीपासून दगडूचा उजवा कान पार गेला होता आणि डावाही कसाबसा चालत होता. कारखान्यात पंपावर तळहात ठेवून तो वेळ मारून नेई. लॅपटॉपवर हात कुठे ठेवणार? तिथे त्याने सरळ अंदाज ठोकले. ज्याच्या कानाची सगळीकडे तारीफ, त्याने ऐकू येत नाही म्हणून कुठल्या तोंडाने सांगायचं?

कोपरला घरी त्याच्या बायकोने, मालनने, तोवर मासिकात फोटो येणार म्हणून बिल्डिंगभर सांगून टाकलं होतं. दगडू चार दिवस नुसत्या येरझाऱ्या घालत होता. जेवता जेवता उठे, पंखा बंद करी, पुन्हा लावी.

पाचव्या दिवशी संचिताचा फोन आला. "काका, तुमच्यावरचा भाग वाचते. काय चुकलं असेल तर सांगा हां. 'दगडूकाकांचा कान कधीच चुकत नाही...'"

"थांब, ताई." दगडूने फोन डाव्या कानावर दाबून धरला. "ते खोटंय."

"म्हणजे?"

"कान गेलाय माझा. दिवाळीनंतर मी जे बोललो ना, ते सगळं अंदाजपंचे. प्रीतमला सांग, ते आवाज दुसऱ्या कोणाला तरी ऐकव. मशीन चुकीचं शिकलं तर उद्या कुठंतरी पंप फुटेल, कोणीतरी भाजेल."

अंक आला. आवाज पुन्हा तपासायचे म्हणून निधी सहा महिने लांबल्याचं त्यात लिहिलं होतं. प्रीतमचा फोटो होता. दगडूचा नव्हता, नावही नव्हतं.

मालनने पानं तीनदा उलटली. "अहो, तुमचा फोटो कुठंय? शेजारच्या विमलाबाईंना चहाला बोलावलंय मी!"

दगडूने सगळं सांगितलं. फोनवर सांगताना गेलं नव्हतं इतकं जड गेलं.

"दिवाळीपासून?" मालन म्हणाली. "आणि मी समजत होते, हाकेला ओ देत नाहीत म्हणजे रुसलेत."

तिने चष्मा पुसला, उठून त्याच्या डाव्या बाजूला येऊन बसली आणि लेख पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचू लागली.