मधल्या सुट्टीचा टोल

मी रुळाचा तुकडा बोलतोय. हातभर लांब, दोन्ही टोकांना गंजलेला. मिरजेकडची लहान रेल्वे जाऊन मोठी आली, तेव्हा आम्हा जुन्या रुळांना उपटून ढीग लावला. त्या ढिगातून मी बैलगाडीनं कुंडलजवळच्या एका वाडीत आलो. इतकी वर्षं माझ्यावरून गाड्या गेल्या, मी मात्र कुठंच गेलो नव्हतो. तो माझा पहिला प्रवास.

वाडीतल्या शाळेत शिकवणाऱ्या राहीबाईंनी मला दारापुढच्या चिंचेला तारेनं टांगून घेतलं. पहिली हातोडी बसली तेव्हा मी दचकलो. तोवर शाळेतून पोरं ओरडत बाहेर पळाली. टोला मला बसला, आणि पळाली पोरं! याचं मला बरेच दिवस नवल वाटत होतं. मला वेळ कळत नाही. ती बाईंच्या मनगटावर असायची.

बाईंचे मालक पलटणीत. घरात तेरा माणसं, सासू थकलेली, त्यामुळं सगळं बाईंच्या शब्दावर चालायचं. धारा काढून, भाकरी थापून त्या शाळेत यायच्या. हातोडी उचलली की त्यांच्या हाताला शेणाचा आणि खडूचा असा दोन्हीचा वास यायचा.

मग ध्यानात आलं की माझा आवाज ऐकून नुसती पोरंच उठत नाहीत. खालच्या रानात बाईंच्या घरची आणि बांधाशेजारच्या कोंडीबाची विहीर एकच, पाणी उपसायचं इंजिन एकच. शाळा भरल्यापासून मधल्या सुट्टीपर्यंत पाणी बाईंच्या उसाला, तिथून शाळा सुटेपर्यंत कोंडीबाच्या मक्याला. रानात घड्याळ कुणाकडं नव्हतं, माझ्या टोलावरच पाळी बदलायची. म्हणून रविवारीसुद्धा बाई येऊन मला टोले देऊन जायच्या. रिकाम्या शाळेपुढं ही बाई कुणाला बोलावते, असं मला आधी वाटायचं.

बहात्तर साली पाऊस आलाच नाही. विहिरीचं पाणी तळाला गेलं. एकदा बाईंचे धाकटे दीर हिंदुराव खांद्यावर खोरं घेऊन आले.

"वैनी, मधल्या सुट्टीचा टोल जरा दमानं द्या की. ऊस करपायला लागलाय."

"हातोडी शाळंची हाय, भावजी. आपल्या घरची न्हवं."

"मग ऊस खायाला बी शाळंलाच बोलवा!"

बाई हसल्या. टोल वेळेवर पडला.

पण एक दिवस वेगळा उजाडला. बाई बाहेर आल्या, घड्याळ पाहिलं, हातोडी उचलली. आणि त्यांची नजर खाली रानात गेली. उसाच्या शेवटच्या सऱ्या कोरड्या होत्या, पाणी नुकतं त्यांच्या तोंडाशी आलं होतं. हात तसाच वर राहिला.

"बाई, दोन वाजलं न्हाईत का?" आतून पोरांनी विचारलं.

"पाढे म्हणा."

तेराचा झाला, चौदाचा झाला. बांधावर कोंडीबा शाळेकडं बघत उभा राहिला, खाली बसला, पुन्हा उठला. त्याचा मका म्हणजे दोन बैलांची वैरण. एकोणीसचा पाढा संपला, तेव्हा माझ्यावर टोला पडला. सऱ्या भिजल्या होत्या. त्या दिवशी कोंडीबाचे शेवटचे वाफे कोरडेच राहिले. विहिरीतलं पाणी संपलं, इंजिन नुसतं धडधडून थांबलं.

शाळा सुटल्यावर कोंडीबा चिंचेखालून घरी चालला होता. बाईंनी हाक मारली.

"कोंडीबादादा, आज टोल उशिरा दिला मी."

"व्हय? घड्याळ मागं पडलं असंल. तुमच्याकडनं तसलं काय हुयाचं न्हाई, बाई."

आता बाई 'हो' म्हणतील, असं मला वाटलं. एवढं सोपं होतं. कुणी विचारलंही नव्हतं.

"घड्याळ बराबर हाय. मीच थांबले. आमच्या सऱ्या भिजूस्तोवर."

कोंडीबानं पटका सोडला, पुन्हा बांधला. मग म्हणाला, "पोरास्नी बी हेच शिकवता काय?"

बाईंनी हातोडी त्याच्यापुढं धरली. "उद्याची आमची पाळी तुमी घ्या. आन् मधल्या सुट्टीचा टोल हितनं पुढं तुमीच द्या."

"मला कुठं घड्याळ कळतंय?"

"मी शिकवते."

दुसऱ्या दिवसापासून कोंडीबा शाळेच्या ओट्यावर बसू लागला. बाई खडूनं फरशीवर गोल काढायच्या, दोन काटे काढायच्या. पोरं खिदळायची, "कोंडीबानाना पहिलीत!"

"हसा रं, हसा. तुमची सुट्टी आता माज्या हातात हाय."

हिंदुरावांनी वहिनींशी बोलणं टाकलं. त्याआधी चिंचेखाली येऊन एवढंच म्हणाले, "ज्याला पाणी घ्यायचं, त्याच्याच हातात हातोडी! तो कवाबी वाजवंल, मी पाट सोडणार न्हाई."

आठवड्यानं कोंडीबा बाईंचं घड्याळ तळहातावर घेऊन माझ्यापुढं उभा राहिला. खाली त्याचा मका माना टाकून होता. हिंदुराव पाटावर उभे, बाई दारात.

"द्या की टोल, नाना!" पोरं ओरडली.

"गप बसा. अजून तीन मिंटं हायती."

तो थांबला. एका हातानं घाम पुसला, पण काट्यावरची नजर काढली नाही. मग त्यानं टोला दिला. जोरात नाही, नीट.

खाली हिंदुरावांनी त्याचं थांबणं पाहिलं. मग वाकले, खोरं घातलं आणि पाट कोंडीबाच्या रानाकडं वळवला.

आता बाई नाहीत, कोंडीबाही नाही. शाळेत विजेची घंटा आहे. माझी तार फांदीत रुतून बसलीय, म्हणून मी अजून इथंच आहे. त्या दिवशी बाई का थांबल्या, ते मला कळतं. नंतर आपण होऊन का सांगितलं, याचा विचार मी अजून करतो. कधी या वाटेनं आलात तर मला एक टोला द्या. हातात दगड असला तरी चालेल. पण आधी घड्याळ बघा.