नवव्या ग्रीनचा उतार

जळकोटच्या अलीकडं हायवे सोडून डावीकडं वळलं की कृष्णराज शेठचं गोल्फचं मैदान लागतं. गाव त्याला मैदान म्हणत नाही, शेठचं कुरण म्हणतं. साठ एकर गवत राखून त्यात एक म्हैस न सोडणाऱ्या माणसाबद्दल गावाचं काय मत असेल, ते वेगळं सांगायला नको. पवनचक्क्या उभ्या करायला क्रेन भाड्यानं देता देता शेठ मोठे झाले आणि सोलापूरच्या गुरुसिद्धप्पा अण्णांच्या नादानं गोल्फ शिकले. शिकले म्हणजे काय, काठी धरायला शिकले. दहा वर्षांत अण्णांना त्यांनी एकदाही हरवलं नव्हतं.

महारुद्र तिथला पहिल्या दिवसापासूनचा माणूस. गवत लावलं त्यानं, पाणी पाजलं त्यानं, तण उपटलं त्यानं. घरच्या चार एकराला एवढा वेळ दिला असता तर सोनं पिकलं असतं, असं बायको सिताबाई त्याला तोंडावर ऐकवायची. तो हसायचा. त्या मैदानावर त्याचा जीव होता, आणि जीव कशावर असावा हे काय माणसाच्या हातात असतं होय?

मग शेठच्या डोक्यात आलं, मैदान परदेशातल्यासारखं पाहिजे. पुण्याहून प्रतीक्षा मॅडम आल्या. मैदानं आखायचं शिक्षण घेतलेल्या. चार महिने जेसीबी फिरला. चांगल्या जमिनीत मोठाले खड्डे काढून त्यात वाळू भरली, का तर खेळणाऱ्याचा चेंडू त्यात जाऊन पडावा आणि त्याला घाम फुटावा. शेवटचं, नववं ग्रीन, म्हणजे भोक असतं त्याच्या भोवतीची बारीक कातरलेली हिरवळ, तिला मॅडमनी अंगचा उतार दिला. सगळ्या मैदानाची गंमत या उतारात आहे, असं त्या शेठना इंग्रजीतून सांगत होत्या. शेठ मान हलवत होते. महारुद्र लांब पाईप गुंडाळत होता, त्याच्या कानावर त्यातलं काही आलं नाही.

जाता जाता शेठ त्याच्याजवळ थांबले. "मामा, मैदान आता मोठं झालं. पुण्याचा शिकलेला गडी ठेवावा म्हणतो. उद्घाटनाला अण्णा खेळायला येणार हायत. त्या दिवशी कसं होतंय बघू, मग तुमचं ठरवू. न्हायतर फाटक हायच की."

फाटक म्हणजे खुर्ची, शिट्टी आणि येणाऱ्या गाडीला सलाम. महारुद्रला त्या दिवसापासून भाकरी गोड लागेना. मॅडम तीन आठवडे पुण्याला गेल्या आणि हा नवव्या ग्रीनभोवती घिरट्या घालत बसला. जितका बघावा तितका त्याला तो उतार खुपायचा. असलं वाकडं रान ठेवून पेरायला निघाला असता तर बापानं त्याला चाबकानं फोडलं असतं. जेसीबीवाल्यानं काम बिघडवलं, मॅडमच्या नजरेतून सुटलं आणि अण्णांच्या देखत बोल लागणार आपल्याला, असं त्यानं मनाशी पक्कं केलं.

मग काय, सिताबाईला हाताशी घेऊन त्यानं गवताचे चौकोन कापून अलगद उचलले. माती मोकळी केली. शेजारची बैलजोडी आणून रान सपाट करायची फळी मारली, एकदा उभी, एकदा आडवी. मग घागरभर पाणी ओतायचं आणि ते कुठं पळतंय बघत उकिडवं बसायचं. पाणी जागच्या जागी मुरेपर्यंत त्यानं दम खाल्ला नाही. गवत परत बसवलं, दाबलं, जोपासलं. तीन आठवड्यांत शिवण दिसेना. कुणाला बोलला नाही, काम आपोआप दिसंल म्हणाला.

उद्घाटनाच्या दिवशी आठ होलपर्यंत दोघं बरोबरीत होते, हेच नवल. नवव्यावर अण्णांनी आधी मॅडमचा नकाशा मागून घेतला. जाणकार माणूस. उतार किती, चेंडू किती वळणार, सगळा हिशेब करून त्यांनी दोन हात बाजूला नेम धरला. चेंडू सरळ दोन हात बाजूलाच गेला आणि तिथंच थांबला. शेठना नकाशा वाचता येत नव्हता. त्यांनी भोकाकडं बघून मारला आणि तो सुतासारखा भोकात गेला.

"काय ग्रीन केलंय," अण्णा म्हणाले. "दिसायला सपाट, आणि फसवतंय. उतार हाय तर हाय, पण डोळ्याला सापडू देत न्हाय. मॅडम, हात जोडले तुम्हाला."

मॅडम खाली वाकल्या, गवतावर तळहात टेकला आणि त्यांनी महारुद्रकडं बघितलं. तो लेकराच्या बारशाला उभा असल्यासारखा फुलला होता. मॅडमना सगळं कळलं. त्यांनी अण्णांना उलट हात जोडले आणि कौतुक पदरात पाडून घेतलं.

महारुद्रला मात्र आत्ता कळलं की तो उतार मुद्दाम ठेवलेला होता.

"मामा," शेठ खुशीत म्हणाले, "असलं नाजूक काम तुमच्या हातात ठेवणं बरं न्हाय. सोमवारपासून फाटक बघा."

माझंच काम हाय ते, हे शब्द त्याच्या ओठापर्यंत आले. पण ते बोलावं तर मॅडमची चार महिन्यांची मेहनत आपण नांगरली हेही त्यातच आलं. त्याला रडू फुटायचं बाकी होतं.

"व्हय मालक," तो म्हणाला.

पुण्याचा शिकलेला गडी, शंभुलिंग, आला, चढउतार मोजायची तीन पायांची दुर्बीण घेऊन. मॅडमना आपलं चित्र पुसलेलं सहन होईना. त्यांनी त्याच्याकडून नववं ग्रीन नकाशाबरहुकूम, गुपचूप, पुन्हा उतरतं करून घेतलं. महारुद्र फाटकावरून बघत होता. उतार मुद्दामचा हाय हे आता ठाऊक असूनही चांगलं सपाट रान वाकडं होताना बघून तळमळत होता, पण खुर्ची सोडून उठला नाही.

दोन महिन्यांनी अण्णा परतफेडीला आले. नवव्यावर त्यांनी पुन्हा दोन हात बाजूला नेम धरला, आणि चेंडू वळसा घेऊन भोकात पडला. शेठनी बिनधास्त सरळ मारला. चेंडू भोकाशेजारून निसटला, खाली घरंगळला आणि वाळूत जाऊन बसला. बाहेर काढून परत मारला, परत वाळूत. तिसऱ्यांदा तेच. अण्णा रुमाल तोंडावर धरून हसत होते.

शेठ लालबुंद होऊन तडक फाटकावर आले. मॅडम मागोमाग.

"मामा, खरं सांगा. मॅडमनी केलेल्या ग्रीनला तुम्ही हात लावला?"

महारुद्र खुर्चीतून उठला. त्यानं आधी मॅडमकडं बघितलं.

"न्हाय मालक," तो म्हणाला. "ह्या येळी न्हाय."

शेठ हळूच मागं वळले. मॅडम पर्समध्ये गाडीची चावी शोधत होत्या.