नारळांच्या भाराखालची झडप

मित्रांनो, स्वस्थ बसणं माझ्या नशिबातच नाही. मी जालन्याच्या एका जिनिंगमधली, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यातली, बॉयलरच्या माथ्यावरची जुनी झडप आहे. ओतशाळेत तापून, कानशीने घासून मी घडले. बॉयलरच्या पोटातली वाफ फार चढली की वजन लावलेली माझी दांडी उचलायची आणि जास्तीची वाफ फुस्सकन सोडून द्यायची, एवढंच माझं काम. पण जीव सदा टांगणीला!

निजामी राज्यातले ते दिवस. माझी किरकिर कुणाला आवडत नसे. "लाकडं जाळून वाफ करावी, अन् ही भवानी ती वाऱ्यावर सोडते," असं मालक बद्रीनाथशेठ म्हणत.

एका खंडेनवमीला रामकिसन मिस्त्रीने आमची पूजा केली. दाबाच्या घड्याळाच्या काचेवर हळदीकुंकवाचे जाड पट्टे ओढले, आणि माझ्या दांडीच्या टोकाला झेंडूचा हार अन् पाच नारळ बांधले. पूजेचा हार आपणहून सुकून पडेतो काढायचा नाही, ही तिथली रीत. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भट्टी पेटली.

वाफ चढू लागली. मी उठू पाहिलं, उठवेना. नारळांनी मान दाबून धरली होती. पत्र्याला आतून धडका बसत होत्या, जीव नुसता तळमळत होता. खाली शेठ खूश! "बघा, पूजा पावली. आज कशी गुमान बसून राह्यली!" माझं आयुष्यातलं पहिलं कौतुक ते.

भिंतीपल्याड चाळीस बाया कापूस निवडत होत्या. ढिगांत त्यांची लेकरं. त्यांतल्या दुर्गाबाई दारात आल्या.

"मिस्त्री, ही बया आज बोलंना का? एव्हाना दोनदा खेकसली असती."

"सणाचं गोडधोड खाल्लं असंल, मावशी."

"चेष्टा नगं. बडबडी बाई गप झाली की मला भ्या वाटतं. बघ जल्दी!"

रामकिसनने हसत धोतराच्या सोग्याने काच पुसली. हसू तिथंच विरलं. काटा तांबड्या रेघेच्या पार गेला होता.

"बाया-लेकरं बाहेर काढा!" तो ओरडला. भट्टीतली आग त्याने फावड्याने ओढून टाकली, मग शिडी चढला. हाराला हात घालताना थबकला. "आई, चुकलं माझं," पुटपुटला, आणि एकेक नारळ तोडून काढला. पाचवा सुटला तशी मी अशी किंचाळले की पार गावातल्या मस्तगड किल्ल्यापर्यंत ऐकू गेलं असेल.

शेठ धावत आले. "हार कुणी तोडला?"

"मीच, शेठ. अन् बांधला बी मीच होता. ठेवा न्हाई तर काढा मला. पर हिच्या दांडीला आता सुतळी बी बांधू देणार न्हाई."

शेठ काट्याकडे बघत राहिले.

पुढे रोज सकाळी रामकिसन माझी दांडी हाताने उचलून बघे. बाया दाराबाहेर थांबत. माझा सुस्कारा ऐकला की मगच लेकरं घेऊन आत शिरत. दुर्गाबाईंनी तर ओवीच जोडली:

पोटातली वाफ बाई, नको पोटात कोंडू
भिंतीपल्याड माझं, लेकरू लागलं रांगू

आता मी कोठीत गंजत पडले आहे. माझ्या जागी नवी आली. मित्रांनो, तिच्या दांडीला काही लटकवू नका, ओला रुमालसुद्धा नाही. आणि तिची किरकिर कानी आली तर चिडू नका. भिंतीपल्याड कुणाचं तरी लेकरू निजलेलं असतं.