नवाबचं भारनियमन

नवाब गेला.

बातमी बस स्टँडपर्यंत पोचायला एक कट चहा गार व्हायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. हॉटेलवाल्यानं भज्यांची कढई उतरवली, जाहिदभाईनं कपड्याच्या दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि कोळशाचे ट्रकवाले हॉर्न न वाजवता जाऊ लागले. तर नवाब कुठंही गेलेला नाही. वाचकांनी ही बातमी मनातून काढून टाकावी. आपण आदल्या आठवड्यापासून सुरुवात करू.

आदल्या आठवड्यात नवाब चांगला जिवंत होता, पण त्याला त्यात काही विशेष वाटत नव्हतं.

घुग्घुसात त्याचं पंखे, मिक्सर, मोटरा दुरुस्त करायचं दुकान. पुढं दुकान, मागं घर. गावच्या धुळीत कुठलाही पंखा फार दिवस तग धरत नाही, आणि मेलेला प्रत्येक पंखा नवाबकडं येतो. घेऊन येणारा माणूस सोबत एक शब्दही आणतो. तो शब्द म्हणजे 'जरा'. नवाब, जरा पाहून देजो. नवाब, जरा आवाज करून राह्यला. जरा घरी येऊन जा ना, बोर्ड जळला. असा जराजरा करत दिवस संपायचा. उरलासुरला नवाब घरात गेला की बायको नजमा म्हणायची, जरा सिलिंडर पाहा; आणि अरीबा-अदीबा म्हणायच्या, अब्बू, जरा गणित.

विक्की हा त्याचा शाळेपासूनचा दोस्त. खाणीत कामाला. शिफ्ट सुटली की मोटरसायकल थेट नवाबच्या दुकानासमोर लावायची आणि काळ्या तोंडानं फालतू जोक मारायचे, हा त्याचा नेम. त्या दिवशी आला तर नवाब एक दुरुस्त झालेला पंखा लावून त्याच्याकडं टक लावून बसलेला.

"काय पाहून राह्यला बे?"

"याले रेग्युलेटर आहे," नवाब म्हणाला.

"मंग?"

"मंग काई नाई. चांगलं आहे याचं."

विक्कीनं स्टूल ओढलं. "तुले झालं काय?"

"काईच झालं नाई. तोच तं वांधा आहे. हात मोडला असता तं प्लास्टर दाखवलं असतं. आता काय दाखवू? कोणी नुसतं दुकानाकडं पाह्यलं तरी छातीत धडधड होते. म्हणतो, आला, आता हा जरा म्हणते."

विक्कीनं ठेवणीतला जोक काढला. रेड्याचा आणि सरपंचाचा. नवाबनं शेवटपर्यंत नीट ऐकून घेतला आणि म्हणाला, "चांगला होता."

जोकला 'चांगला होता' म्हणणाऱ्या माणसाची प्रकृती गंभीर असते, हे विक्कीला पक्कं ठाऊक होतं. त्यानं तिथंच ठरवलं, याला एक दुपार मिळवून द्यायची. अख्खी. जिच्यात कुणीही जरा म्हणणार नाही.

पहिला उपाय त्याला साधा वाटला. चहाच्या टपरीवर जाऊन त्यानं सांगितलं, नवाबले टायफाइड झाला, डाक्टरनं झोपून राहाले लावलं. एवढं सांगून तो निश्चिंत झाला. घुग्घुसात आजारी माणसाला पाहायला जातात, हे तो विसरला.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून लोक पाहायला आले. बिस्किटाचे पुडे घेऊन आले, शहाळी घेऊन आले, आणि येतच आहोत तर म्हणून पिशवीत मिक्सरही घेऊन आले. खाणीतून रिटायर झालेले दादाजी रेडिओ काखेत मारून खाटेजवळ बसले.

"तू उठू नको, बाबू. झोपल्या झोपल्या जरा पाह्य, खरखर काऊन करते."

समोरच्या इंदुताईंनी आधी गुळवेलाचा काढा पाजला आणि मग टेबलफॅन पुढं केला. नवाब चादर पांघरून, तोंडात थर्मामीटर धरून, स्क्रू खोलत होता. नजमा आतून चहा पाठवत होती, आणि दुपारपर्यंत तिचं दूध, साखर आणि सहनशीलता या क्रमानं संपली.

"विक्की भैया," ती दारात येऊन म्हणाली, "तुम्ही यांना आणखी एक दिवस बीमार ठेवलं ना, तं मीच बीमार पडीन. मंग मले पाहाले याल तुम्ही, टेपरेकॉर्डर घेऊन."

तेवढ्यात लाइट गेली.

"गेली," दादाजी म्हणाले. "गेली," इंदुताई म्हणाल्या. सगळे शांतपणे उठले आणि पदरानं, टोपीनं वारा घेत आपापल्या घरी गेले. कुणी तक्रार केली नाही. खांबाजवळ जाऊन कुणी म्हणालं नाही, जरा ये ना. जिल्हाभर कोळसा निघतो, त्याची वीज होते, आणि ती दुपारी घुग्घुसात नसते. हे लोकांनी केव्हाच मान्य केलं होतं. आजारी माणसाला गाव हलवून उठवतं. भारनियमनाला कुणी उठवत नाही.

विक्कीचं डोकं पेटलं.

खाणीतल्या आपल्या सुट्टीच्या दिवशी त्यानं खडूनं अर्ध्या शटरवर लिहिलं, 'नवाबचे भारनियमन. दुपारी बारा ते चार.' नवाबला आत ढकललं, पोरींना शाळेत धाडलं, आणि स्वतः दारात खुर्ची टाकून बसला. नवाब दहा मिनिटं छताकडं पाहत कुरकुरला, आणि मग घोरायला लागला.

पाटी वाचणाऱ्यांना गोष्ट लगेच पटली. "किती वाजता येईन?" एकानं विचारलं. "चारले," विक्की म्हणाला. तो माणूस मान हलवून गेला. इतकं सोपं होतं तर.

मग इंदुताई आल्या. त्यांना जवळचं दिसत नव्हतं आणि चष्मा घरी होता, म्हणून पाटी वाचायचा प्रश्न नव्हता. काखेत मिक्सर.

"नवाब कुठी आहे रे?"

विक्कीनं सवयीनं, जसं लाइटबद्दल सांगतात तसं, सांगितलं, "गेला, बाई."

इंदुताईंच्या काखेतला मिक्सर विक्कीच्या मांडीवर आला.

"कधी?"

"बाराले."

"अरे, परवाच तं मी त्याले काढा पाजला." त्यांनी पदर डोळ्याला लावला आणि रडत, धावत नाक्याकडं गेल्या. विक्कीला 'गेली' आणि 'गेला' यांच्यातला फरक कळेपर्यंत बाई टपरी ओलांडून बस स्टँडला पोचल्या होत्या.

पुढचं आपण मनातून काढून टाकलंच आहे. कढई उतरली, शटर ओढलं गेलं, हॉर्न थांबले. लोक रस्ताभर जमले, पण घरात शिरायचा धीर कुणाला होईना. सगळे टोप्या हातात घेऊन, हळूच खोकत उभे. जाहिदभाईनं दोनदा विचारलं, "नजमाले काई लागते का?" घुग्घुस इतकं शांत कुणी ऐकलं नव्हतं. विक्कीनं तोंड उघडलं, आणि आतून घोरण्याचा मंद आवाज ऐकून परत मिटलं. खरं सांगितलं असतं तर लोक ओरडले असते. तो तसाच बसून राहिला, डोळे पुसल्यासारखं करत. नजमा दारातून त्याच्याकडं पाहत होती. तिनंही काही सांगितलं नाही.

चार वाजता नवाब जांभई देत, लुंगी सावरत बाहेर आला.

"आला," दादाजी म्हणाले, अगदी लाइट आल्यावर म्हणतात तसं.

नवाबनं गर्दी पाहिली. "काय झालं? कोण गेलं?"

"तूच," विक्की म्हणाला. "चार घंट्यासाठी."

नवाबला समजायला वेळ लागला. मग तो पायरीवर बसला आणि हसायला लागला, इतका की त्याला ठसका लागला आणि जाहिदभाईला पाठ थोपटावी लागली. आठवड्याचं, कदाचित वर्षाचं हसू होतं ते.

"हसते पाहा मेला," इंदुताई चिडल्या. "मी खरोखर रडली ना."

"त्याचं मिक्सरच्या मजुरीतून वळतं करू, बाई," नवाब म्हणाला.

इंदुताईंनी विक्कीच्या मांडीवरचा मिक्सर उचलला, नवाबपुढं धरला, ओठांवर आलेला एक शब्द गिळला, आणि मिक्सर परत काखेत घातला. "उद्या आणतो," त्या म्हणाल्या.

शटरवरची पाटी रोज बारा ते चार तशीच राहिली, आणि ते दिवस बरे गेले. मग विजेच्या भारनियमनाचं वेळापत्रक बदललं, दुपारी लाइट राहू लागली, आणि लोक दारात येऊन म्हणू लागले, लाइट आहे तं नवाब काऊन नाई? तेव्हा विक्कीनं पुढील अर्ज वीज कार्यालयात स्वतःच्या हातानं नेऊन दिला:

'विषय: घुग्घुस येथील नवाब यांचे भारनियमन कायम करणेबाबत. महोदय, सदर इसम पंख्याप्रमाणे चालू राहतो, परंतु त्यास रेग्युलेटर बसविलेले नाही. मागणी भरपूर असून पुरवठा एकच आहे. करिता दुसरा नवाब मंजूर होईपर्यंत, वीज असो वा नसो, सदर इसमास दररोज दुपारी अधिकृतरीत्या बंद समजण्यात यावे, व तसे आपल्या वेळापत्रकात छापण्यात यावे, ही नम्र विनंती.'