दोन्ही बाजू सारख्या

माझ्या हातचा कपडा कधी एका अंगाला झुकत नाही. अठ्ठावीस वर्षं शिवणकाम करतेय. गिऱ्हाईक रंगाला नाक मुरडेल, गळ्याच्या खोलीवरून कटकट करेल, पण डावा खांदा उजव्यापेक्षा खाली उतरलाय असं आजवर मला कुणी ऐकवलेलं नाही. ही फुशारकी नव्हे. पुढे जे झालं ते माझ्या ह्याच खोडीमुळे झालं, म्हणून आधीच सांगून टाकते.

माझा धाकटा भाऊ पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवायचा. आमच्या दारावरची ‘लेडीज टेलर’ ही पाटीही त्याचीच. अक्षरं अशी की येणारी बाई आधी पाटी वाचते, मग चप्पल काढते. लग्न त्याने केलं नाही, माझं टिकलं नाही, तेव्हा घरात आम्ही दोघंच. एका सकाळी दात घासता घासता तो बेसिनपाशी कोसळला. जीव वाचला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. बोलण्यातला एकच शब्द मागे राहिला, ‘बरं’. भूक लागली तरी बरं, पोट भरलं तरी बरं, माझ्यावर संतापला तरी डोळे वटारून बरं.

आणि मागे राहिला साहेब. साहेब म्हणजे त्याचा पक्षी. राखाडी अंग, पिवळा तुरा, गालावर लाली फासल्यासारखा गोल ठिपका. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यासारखी मान वर करून फिरायचा म्हणून साहेब. पिंजऱ्याचं दार उघडंच असायचं. हा दिवसभर पडद्याच्या दांडीवर बसून माझ्या मशीनवर देखरेख करणार आणि नेमका नव्या कापडावर शिटणार. मी त्याला उभा-आडवा झोडपायचे, तोंडाने. तो मला आवडतो हे मी कधी कबूल केलं नाही.

भावाने शिट्टी घातली की साहेब दांडीवरून थेट त्याच्या डाव्या खांद्यावर यायचा. आजारपणात तोंड वाकडं झालं, शिट्टी अर्धी हवा आणि अर्धा सूर अशी निघायला लागली. साहेबाला तेवढी पुरायची. रोज चार वाजता, चहा झाला की शिट्टी. ज्या माणसाला स्वतःच्या बहिणीला हाक मारता येत नव्हती त्याच्या हाकेला एक जीव धावत येत होता. त्या वेळचा त्याचा चेहरा मी मशीनआडून चोरून बघायचे.

व्यायाम घ्यायला एक मुलगी यायची, हसरी, कामाला वाघीण. एक दिवस मला दाराशी नेऊन म्हणाली, “ताई, खरं सांगू? ह्या दोन-तीन महिन्यांत हात जेवढा हलेल तेवढा हलेल. नंतर फार अवघड जातं.”

“मग करायचं काय?”

“काका माझ्यासाठी हात हलवायला बघतच नाहीत. त्यांचा तो पक्षी आहे ना, त्याला ह्या हातावर बसवत जा. आवडीच्या गोष्टीसाठी माणूस बरंच काही करतो.”

बसवा म्हणे. साहेब त्या हातावर दोन क्षण टिकेना. हात जरा थरथरला की भुर्रकन दांडीवर. चार दिवस हाच खेळ. मी रडकुंडीला आले. मला तो हात हवा होता. पुन्हा त्या हातात ब्रश दिसायला हवा होता, दुसरं काही सुचत नव्हतं.

पक्षी ज्याच्याकडून घेतला त्याला फोन केला. तो म्हणाला, “पंखांची पुढची पिसं कापायची, दोन्हीकडची पाच-पाच. उडता येत नाही म्हटल्यावर मुकाट हातावर बसतो. दुखत नाही हो, नखं कापल्यासारखं असतं. पुन्हा येतात पिसं. तुम्ही आणा त्याला, मी कापून देतो.”

“कात्री धरायला मी तुमच्याकडे येऊ?” मी म्हटलं आणि फोन ठेवला.

भावासमोर स्टूल ओढून बसले. “साहेबाची थोडी पिसं कापूया? परत येतात रे. तुझ्या हातासाठीच.”

त्याने मान वर करून दांडीवरच्या साहेबाकडे पाहिलं. मग म्हणाला, “बरं.”

त्याच्याकडे दुसरा शब्दच नव्हता, हे मला ठाऊक होतं. तरी मी तो होकार म्हणून घेतला.

साहेबाला टॉवेलात गुंडाळून त्यानेच डाव्या हाताने छातीशी धरलं. मी एक पंख बाहेर काढून पसरला. पाच पिसं कापली, कचकच आवाज आला, साहेब जरा वळवळला एवढंच. मग दुसरा पंख. तिथे कात्री किंचित आत गेली असावी. दोन्ही पंख उघडून पाहिले तर दुसरा आखूड दिसला. मग पहिल्याचं एक पीस आणखी काढलं. आता तो आखूड. दुसऱ्याची दोन काढली. बाही जुळवताना मी अशीच करते. एकीकडून थोडं, दुसरीकडून थोडं, डोळ्यांना पटेपर्यंत. पण कपड्याला मी माया ठेवते, पुढे उसवून वाढवता यावं म्हणून. इथे कापलेलं ते कापलेलं. थांबले तेव्हा मांडीवर राखाडी पिसांचा ढीग होता आणि पंखांच्या जागी दोन बोटभर खुंट. दोन्ही बाजू अगदी सारख्या. मला, खोटं कशाला बोलू, समाधान वाटलं. भावाने तोंड भिंतीकडे फिरवलं होतं.

पाच दिवस सगळं माझ्या मनासारखं झालं. पलंगावर भावाचा उजवा हात उशीवर ठेवायचा, त्यावर साहेब. उडायला बघायचा आणि गादीवर पडायचा, पुन्हा उचलून हातावर ठेवायचं. दुसऱ्या दिवसापासून त्याने नाद सोडला आणि अंगठा धरून बसून राहिला. तिसऱ्या दिवशी भावाचं मधलं बोट हललं. मी आनंदाने येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते सांगितलं. भाऊ मात्र नुसता साहेबाची मान कुरवाळत बसायचा. शिट्टी वाजायचं कारणच राहिलं नव्हतं. पक्षी तर हातावरच होता. एरवी साहेब जमिनीवर तुरुतुरु चालायचा. “काय साहेब, बदली झाली वाटतं खालच्या जागेवर?” असं म्हणून मी हसायचे. ते हसणं आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

सहाव्या दिवशी साहेबाने पडदा शोधून काढला. मीच शिवलेला, जाड कापडाचा. चोचीने धरायचं, एक पाय वर, मग दुसरा. अर्धा तास लागला असेल. दांडीवर पोचला, अंग फुलवलं, तुरा उभा केला. खुर्चीत बसलेल्या भावाचा चेहरा उजळला, अगदी पूर्वीसारखा. मीही खूश.

“चढला की रे पठ्ठ्या!” मी म्हटलं. उठून स्टूल घ्यायचं आणि त्याला खाली उतरवायचं, एवढंच काम होतं. पण झग्याची टीप संपत आली होती. ती संपवावी म्हणून मी मान खाली घातली.

चार वाजले होते. शिट्टी वाजली.

मान वर केली तोवर साहेब निघाला होता. गादीवर पडणं त्याला माहीत झालं होतं. उंचावरून काय होतं ते त्याला कोण सांगणार? शिट्टी वाजली की निघायचं, एवढंच त्याला ठाऊक. खुंट फडफडले. तो पुढे गेलाच नाही, सरळ खाली आला.

आणि भावाचा उजवा हात वर उठला. डावा नव्हे, उजवा. खुर्चीवरून सुटला, कोपरातून लांब झाला, तळवा उघडला. वीतभर कमी पडला. साहेब मशीनच्या लोखंडी पायावर आपटला.

मी त्याला ओंजळीत घेतलं. छाती दोनदा हलली, मग नाही. “बरं,” भाऊ म्हणाला. “बरं. बरं. बरं.” त्याचा आवाज चढत गेला, शेजारची दारं उघडली, तरी तो थांबेना. मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. मला ते ऐकवत नव्हतं.

त्यानंतर त्याने शिट्टी घातली नाही. मीच म्हणाले एकदा, “तुझ्यामुळे नाही झालं रे, मी कापलं.” त्याने ऐकलं की नाही कळलं नाही. रोज चार वाजता मात्र तो खुर्ची दांडीसमोर ओढून घेतो. वर बघतो आणि उजवा हात उचलतो, तळवा उघडून. हात खाली येतो, पुन्हा उचलतो. आधी तो हात अडखळत, रेंगाळत वर यायचा. आता झटकन येतो. पडद्यावर साहेबाच्या नखांनी निघालेले धागे आहेत तसेच आहेत. तिथे सुई लावायची माझी हिंमत होत नाही.

परवा व्यायामाची मुलगी आली. पक्षी गेला एवढंच तिला माहीत आहे, कसा ते मी सांगितलेलं नाही. तिने भावाला समोर बसवून दोन्ही हात वर करायला लावले आणि आनंदाने टाळ्याच पिटल्या.

“ताई, अहो इकडे या! बघा तरी, दोन्ही बाजू अगदी सारख्या! कुठला व्यायाम घेतलात हो तुम्ही?”

मी मशीनवरून उठून जवळ गेले. भाऊ दोन्ही हात वर धरून दांडीकडे बघत होता.