ट्रॉली जाग्यावरच ऱ्हायली

मी ट्रॉलीची पिन बोलतेय. हसू नका. ट्रॅक्टर अन् ट्रॉलीची गाठ माझ्यामुळंच ऱ्हाती. मी निघाले की सोयरीक मोडली. तलवाड्याच्या लोहारानं भंगार जीपच्या दांड्यातून मला घडवलं. लई बडवलं मेल्यानं, पन मजबूत केलं.

नाव मातर समदं ट्रॅक्टरचं. दसऱ्याला हार त्याला, गुलाल त्याला. मला वंगनाचं एक बोट न्हाई.

यंदा उमापूरची टोळी ऊस तोडाया निघाली. ट्रॉलीत भांडीकुंडी, कोंबड्या, शेळी, अन् त्यावर बाया-लेकरं. निघताना ट्रॅक्टरपुढं नारळ फोडायचा अन् डायवरला बाटली द्यायची, ही टोळीची रीत. डायवर युवराज सकाळीच बाटली रिचवून डुलत होता. गडी म्हनले, पेल्यावर तर भाऊ लई झ्याक चालवतो. मला कापरंच भरलं.

टोळीतल्या म्हाताऱ्या सावित्रीबाईलाबी भरलं. तिचा लेक मुंजाजी मागल्या साली अशाच पेलेल्या डायवरच्या ट्रॉलीतून पडून चाकाखाली गेलता. आता त्याची बायको मंगल लेकीला मांडीवर घेऊन वर बसलेली. म्हातारीनं मुकादम धर्मराजला दोनदा सांगितलं, ह्याला उतरव. त्यो म्हनला, मावशे, गुमान वर बस, मुहूर्त टळतोय.

नारळ फुटला. समदे गडी पुढं डोळे मिटून हात जोडून उभे. म्हातारी मागं आली, चाकाला दगड लावला, मला उपसलं अन् कमरंला खोचलं. काय गुदगुल्या झाल्या म्हनता!

युवराजनं मोठ्यानं गानं लावलं अन् सुटला. ट्रॉली जाग्यावरच. अख्खं गाव हाका मारतंय, भाऊला पत्ताच न्हाई. पुलाच्या वळणावर ट्रॅक्टर सरळ नाल्यात. युवराज चिखलात उडाला. हात मोडला, जीव वाचला.

गडी पुलावरून खाली बघत ऱ्हायले. मग एकेकजन मागं वळून ट्रॉलीतल्या लेकरांकडं बघाया लागला.

धर्मराज तणतणत आला. "पिन कुनी काढली बे?"

"म्या," सावित्रीबाई म्हनली. "न पेलेला डायवर आन धर्मा, मग देते."

धर्मराजनं नाल्याकडं एकदा बघितलं अन् दुसऱ्या ट्रॅक्टरसाठी फोन लावला.

दुसऱ्या दिवशी दुसरा ट्रॅक्टर आला, डायवर रामप्रसाद. म्हातारीनं आधी त्याचं तोंड हुंगलं, मगच मला त्याच्या हातावर ठिवलं.

आता केज मागं पडलंय. मंगलची लेक वर निवांत झोपलीय. मी भोकात खडखडतेय, पन सुखानं. एकच सांगते. डायवर पेलेला असल तर त्याच्याशी हुज्जत घालत बसू नका. पिन म्हना, चावी म्हना, हाताला लागल ते काढा अन् लपवा. चिडला तर चिडू द्या. चिडाया जिता तरी ऱ्हाईल.