फेरीची वेळ

"एका प्रश्नाला मिनिट फार होतं," अध्यक्ष वनानाना म्हणाले. "लोक जांभया देतात. या वर्षी अर्धंच ठेवू. फेरी आटोपशीर होईल."

पारोळ्याच्या वाचनालयातल्या बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या. अभिमनने मात्र नाही. तो तिथे पुस्तकं देण्याघेण्याचं काम करी आणि दरवर्षी सामान्यज्ञान स्पर्धेत वेळ संपली की घंटा वाजवी. यंदा त्याची मुलगी हिरकन कन्याशाळेच्या संघात होती. तिला उत्तरं येत, पण बोलताना जीभ अडायची. पहिलं अक्षर सुटता सुटत नसे. आणि समोरच्या संघात नानांचा नातू होता, तोंडाचा चांगलाच चटपटीत.

"मिनिट चालू द्या ना, नाना. आजवर कुणाची तक्रार नव्हती."

"तक्रार नाही रे, सोय पाहतोय," नाना म्हणाले. पण त्याच्याकडे न बघता.

ते न बघणं अभिमनच्या मनात रुतून बसलं. बाजाराच्या दिवशी नाना आणि कन्याशाळेचे लोटनसर चहाच्या टपरीवर डोकं जवळ आणून बोलताना दिसले. हा जवळ जाताच बोलणं तुटलं. सर उगाच कपाशीचं विचारू लागले. म्हणजे मास्तरही फितलेला, अभिमनला वाटलं. इतकी वर्षं ज्या नानांना तो वाकून नमस्कार करत आला, त्यांची आठवणीतली प्रत्येक भलाई आता त्याला खोटी दिसू लागली.

संध्याकाळी घरी येऊन तो म्हणाला, "तुले पाडाकरता नानानी येळ कापी टाका. उद्या मी बठ्ठा गावसमोर इचारसू."

हिरकन ज्वारी निवडत होती. तिचा हात थांबला.

"न... नका इचारू, आबा. मीच सांगेल व्हतं नानासले अन् सरसले, येळ कमी करा. आबाले सांगू नका, हाईबी मीच सांगेल व्हतं."

"तू? का बरं?"

"जास्ती येळ दिधा म्हनजे ब... बठ्ठा लोके मन्हा तोंडकडे दखत ऱ्हातस. येळ कमी ऱ्हायना, ते उत्तर नही उनं म्हनजे नही उनं. दुसरासलेबी येत नही."

अभिमन उठून ओसरीवर जाऊन बसला.

स्पर्धेला सभागृह भरलं होतं. पांझरा कोणत्या नदीला मिळते, हा प्रश्न हिरकनकडे आला.

"त..." ती म्हणाली. "त..."

घड्याळाचा काटा पुढे सरकत होता. नाना छताकडे बघत होते, सरांनी मान खाली घातली होती. अर्धं मिनिट भरलं. अभिमनचा हात घंटेवर होता. त्याने जरा उशीर केला असता, तर कुणी शब्द काढला नसता. तेवढ्यात हिरकनने सरळ त्याच्याकडे पाहिलं.

त्याने घंटा वाजवली.

नातवाने फटकन तापी सांगितलं. टाळ्या झाल्या. हिरकनने वेणी पाठीवर टाकली आणि पुढच्या प्रश्नाकडे कान लावला.